जुन्नर आंतरराष्ट्रीय मैत्री समितीची वाटचाल

५ जुलै. सकाळी ६.४०
निवृत्त होऊन पाच महिने झाले. पंचायत समितीत चौतीस वर्षं काढली, पण माझ्या कुवतीचं काम तिथे नव्हतं. ते आज सापडलं. जुन्नरला जगाच्या नकाशावर आणायचं. पद्धतही ठरली आहे. परदेशातली शहरं एकमेकांशी बहिणीचं नातं जोडतात. सिस्टर सिटी. आधी संस्कृती जाते, मागून व्यापार येतो. पुण्याला अशा बहिणी आहेत. जुन्नर एकटंच आहे.
लंकाला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, आधी तुमच्या सख्ख्या बहिणीला फोन लावा कळंबला, दोन वर्सं झाली. विषय वेगळा असल्यामुळे उत्तर दिलं नाही.

६ जुलै
समिती स्थापन. जुन्नर आंतरराष्ट्रीय मैत्री समिती. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष गेणभाऊ, कारण हॉल त्यांचा आहे. सदस्य नंतर घेऊ. लेटरहेड आणि शिक्का जयाच्या झेरॉक्स सेंटरमध्ये टाकला. जयाने विचारलं, दादाभाऊ, शिक्का गोल का चौकोनी. गोल सांगितला. पृथ्वी गोल आहे.

११ जुलै
एक्केचाळीस शहरांना ईमेल गेले. पॅरिस, टोकियो, जिनिव्हापासून सुरुवात. सोबत सात पानी परिचय: शिवनेरी, लेणी, द्राक्षं, टोमॅटो, तमाशा, खोडदची दुर्बीण, बिबटे. सातव्या पानावर खाली चार बोटं जागा उरली. मोकळी जागा बरी दिसत नाही. म्हणून लिहिलं, इथे पूर्वापार हाताने कागद बनतो, आजही बनतो. आजचं नक्की माहीत नव्हतं. पण वाक्य चांगलं झालं.

२६ जुलै. दुपारी ४
चाळीस शहरं विचार करत आहेत. मोठ्या शहरांना वेळ लागतो. एका शहराचं उत्तर आलं. पिएत्राल्ता, इटली. डोंगरावरचं गाव, वस्ती सहा हजार. आठशे वर्षं कागद करतात. लिहिणाऱ्या बाईंचं नाव एलेना. जुनी पुस्तकं दुरुस्त करण्याचा कारखाना त्या चालवतात. शिवनेरीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. द्राक्षांबद्दलही नाही. फक्त सातव्या पानाचं शेवटचं वाक्य, ते खरं आहे का.
पुस्तकं जोडायला त्यांना हातकागद हवा आहे. सप्टेंबरात त्या परिषदेसाठी मुंबईत येणार. एक दिवस जुन्नरला देतील. वीस कागद सोबत नेतील. कागद पसंत पडला तर दरवर्षीची ऑर्डर, आणि नोव्हेंबरात त्यांच्या नगरसभेपुढे बहीण-शहराचा ठराव. शेवटी कागद कसा ठेवावा याबद्दलही काही लिहिलं आहे. हाताने चाचपतो, पाण्याचा थेंब टाकतो, असा आहे तसाच द्या, वगैरे. नोंद घेतली.

२८ जुलै
कागद करणारा शोधणं आलं. दोन दिवस गेले. शेवटी जयानेच सांगितलं. जैबुन्निसा आपा. वय चौऱ्याहत्तर. घराच्या मागे हौद आहे. नऊ वर्षांत त्यात कागद उचललेला नाही. हौदावर फळ्या, फळ्यांवर टोमॅटोचे क्रेट. मुलगा दिलावर नारायणगावच्या मार्केटला क्रेट भाड्याने देतो. त्याला हौद बुजवून गोडाऊन करायचं आहे.
आपांनी विचारलं, किती लागतील? म्हटलं वीस. मग विचारलं, बघणार कोण? म्हटलं, त्यातल्या तज्ज्ञ बाई. आपा म्हणाल्या, बघणारं कोन असंल तर करते.
दिलावर म्हणाला, दादाभाऊ, मला एक तारीख सांगा. म्हटलं, दिवाळी. तो म्हणाला, ठीक. ऑर्डर आली तर हौद ऱ्हाईल. नाय आली तर स्लॅब टाकनार, मग मला कुनी बोलायचं नाय. त्याची मुलगी बुशरा दारात उभी होती. बी.कॉम. झाली आहे. चाकणच्या कंपनीतून कॉल आला आहे, कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम. पण ऑर्डर आली तर तिला इथेच थांबून आजीकडून काम शिकायचं आहे. हे ती बापाकडे न बघता बोलली.
शेरा: स्थानिक पातळीवर उत्साह.

९ ऑगस्ट
मार्गदर्शनासाठी आपांकडे. जुनी तागाची पोती आणि सुती चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजत घातल्या आहेत. बुशरा कुटते. मी सुचवलं, मिक्सर लावला तर दोन तासांचं काम आहे. आपा म्हणाल्या, तुमी बसा. बसलो. चहा चांगला होता.

२१ ऑगस्ट
आपा हौदाशी उकिडव्या बसून गवताची जाळी पाण्यात बुडवतात, उचलतात, हलवतात. पाणी गळून जातं, जाळीवर साय उरते. ती भिंतीला चिकटवून वाळवतात, मग दगडाने घोटून गुळगुळीत करतात. मी तासभर होतो. त्या वेळेत पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण मनात तयार झालं. दिवस सार्थकी लागला.

३ सप्टेंबर
साठ कागद झाले, त्यातले आपांनी बावीस पास केले. उरलेले अडतीस फाडून पुन्हा हौदात. तसा नियमच आहे म्हणे, नापास कागद घरात ठेवायचा नाही, त्याचा लगदा करायचा. माझ्या मते थोडा अपव्यय आहे.
बावीस कागद समितीच्या ताब्यात घेतले. बुशरा म्हणाली, काका, इथंच राहू द्या, त्या दिवशी आम्ही घेऊन येतो. तिला शिष्टाचार समजावून सांगितला. परदेशी शिष्टमंडळापुढे वस्तू समितीमार्फतच जाते. तिने जुन्या धोतरात गुंडाळून दिले. आपा म्हणाल्या, दादाभाऊ, हवा लागू द्या.

७ सप्टेंबर
चार दिवस झड. घरात दमट. धोतर उघडून पाहिलं, तर एका कागदाची कड किंचित वळली आहे. लंका म्हणाली, कागद हाय, वळंल आन् सरळ बी व्हईल. ती अशी बेफिकीर आहे. माझ्या दाखल्यांना, सर्व्हिस बुकला, तिच्या रेशन कार्डाला आजवर काही झालं नाही, ते कोणामुळे हे तिला आठवत नाही.
संकल्प: पाहुण्यांसमोर काहीही दैवावर सोडायचं नाही.

९ सप्टेंबर. सायं. ५.३०
बावीसच्या बावीस कागद लॅमिनेट करून घेतले.
जया म्हणाली, दादाभाऊ, सगळेच? एखादा तरी राहू द्या. म्हटलं, एकच राहिला तर तोच खराब होईल. मशीनच्या मापात बसत नव्हते, शिवाय चारी कडा वाकड्यातिकड्या, तंतू बाहेर आलेले. कटरवर सरळ करून घेतल्या. उजव्या कोपऱ्यात समितीचा गोल शिक्का आधी मारला, म्हणजे तोही प्लॅस्टिकच्या आत सुरक्षित. शेवटचा कागद मशीनमधून बाहेर आला तेव्हा काचेसारखा चमकत होता. कातरलेल्या कडांचा कचरा जयाने पिशवीत भरून बाजूला ठेवला. तिला म्हटलं, टाकून दे.
लंकाने एक हातात घेऊन पाहिला. म्हणाली, मेनूकार्ड वाटतंय.

१२ सप्टेंबर
ऐतिहासिक दिवस. क्रमाने लिहितो.
पाहुणे माळशेजमार्गे दहाला पोचले. एलेना मॅडम, सोबत एक सहकारी आणि मुंबईहून आणलेला दुभाषी. मॅडमचं वय पन्नास-पंचावन्न, केस कापलेले, नखं अगदी बारीक.
सत्कार दहा ते अकरा असा ठेवला होता. यादीत चौदा नावं होती. हॉलमध्ये आल्यावर लोकांनी यादी वाचली. ज्यांचं नाव नव्हतं त्यांनी ते लक्षात आणून दिलं. गेणभाऊ म्हणाले, एकाला घेतला आन् दुसऱ्याला सोडला तर मला गावात ऱ्हायचंय. एकूण अडतीस झाले. पाहुण्यांना फेटे, शाली आणि वेगवेगळ्या संस्थांकडून मिळून नऊ नारळ. मॅडमनी पहिल्या नारळाला नमस्कार केला, नवव्याला नुसती मान हलवली. एक वाजून चाळीस मिनिटांनी जेवण. मासवडी तिखट झाली होती. लेणी रद्द. शिवनेरी खालून दाखवला.
तीन वाजता मुख्य कार्यक्रम. लाल मखमली कापड दूर करून कागदांचं अनावरण माझ्या हस्ते.
मॅडमनी पहिला कागद उचलला. उजेडाकडे धरला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग कोपऱ्याला नख लावून पाहिलं, कुठे सुटतं का. सुटलं नाही. जयाचं काम पक्कं असतं. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं, यातला एखादा प्लॅस्टिकशिवाय आहे का? मी अभिमानाने सांगितलं, सगळे एकाच दर्जाचे आहेत, शंभर वर्षं काही होणार नाही.
त्यांनी पर्समधून छोटी बाटली काढली आणि पाण्याचा एक थेंब कागदावर टाकला. थेंब जागचा हलला नाही. गोल बसून राहिला. मी टाळ्यांसाठी हात वर केला. टाळ्या बऱ्यापैकी झाल्या.
आपा पहिल्या रांगेत होत्या. कोणीतरी एक कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, वास घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला. मॅडम जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या आणि आपांची बोटं एक एक करून पाहू लागल्या. दुभाषी माझ्याजवळ असल्यामुळे त्यांचं काही बोलणं झालं नाही. नोंद करण्यासारखं काही नाही.
मॅडमना हौद पाहायचा होता. बुशरा त्यांना घेऊन गेली. मी जाऊ शकलो नाही, सत्काराचे सात जण बाकी होते. नंतर कळलं, घरात वाळलेला एकही कागद नव्हता. नापास झालेले सगळे हौदात विरघळलेले. मॅडमनी म्हणे कोपरापर्यंत हात घालून लगदा चाचपला. ड्रायव्हर घाई करत होता. मढ गावाच्या पुढे धुकं उतरलं की घाट अवघड होतो. पावणेपाचला गेले.
जाताना मॅडमनी माझ्याऐवजी बुशराला सांगितलं, पंधरा ऑक्टोबरपर्यंत वीस कागद. साधे. वर्तमानपत्रात गुंडाळून.
लॅमिनेट केलेले बावीस मान्यवरांना भेट देऊन संपवले. चार जण नाराज.

१३ सप्टेंबर
कालचं मूल्यमापन. उपस्थिती उत्तम. जेवण मध्यम. अडचण एकच, प्लॅस्टिक फार चमकदार होतं. पुढच्या वेळी मॅट फिनिश.
दुपारी लंकाने विचारलं, तुमाला जरा बी वाईट न्हाई वाटलं? तपासून पाहिलं. वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. बीपी मोजलं, एकशेतीस-ऐंशी.

१६ सप्टेंबर
आपांकडे. प्लॅस्टिकचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणजे मनात काही नसावं. म्हणाल्या, आता बोटं वळत न्हाईत. साठ उचलले त्यातच हात गेला. बुशरा उचलंल, मी बघंन. मी धीर दिला की वीसच तर आहेत. बुशरा माझ्यासाठी चहा टाकायला उठली नाही. कामात असेल.

२५ सप्टेंबर
दिलावर रस्त्यात भेटला. म्हणाला, काय अध्यक्ष, मिक्सर घेतला का नाय इटलीनं. तो असाच बोलतो. मनमोकळा आहे. मग म्हणाला, पोरगी दिवसभर पान्यात हाय, कंपनीवाल्यांनी दोनदा फोन केला, काय सांगू त्यांना. म्हटलं, चर्चा सकारात्मक आहे असं सांग.

४ ऑक्टोबर
बुशराने एकतीस कागद केले. भिंतीवर ओळीने लावलेले. मला सगळे सारखेच दिसले. आपा बाजेवर पडून होत्या. बुशरा एक एक कागद उजेडाकडे धरायची आणि आपा बघायच्या. मधे जाड हाय. कडंला पातळ. ह्याच्यात गाठ. ह्यो बरा, पन न्हाई. एकतीसच्या एकतीस नापास.
मी म्हटलं, यातले वीस पाठवून देऊ, तिकडे काय कळणार आहे. आपा म्हणाल्या, त्या बाईला पहिल्या बोटात कळंल. आन् तिला न्हाई कळलं तरी मला ठावं हाय की. हात बसायला दोन वर्सं लागत्यात, दादाभाऊ. मी तिला शिव्या न्हाई देत. दोन वर्सं म्हंजी दोन वर्सं.
बुशराने कागद उतरवले, फाडले, हौदात टाकले. फाडताना आवाज फार कमी येतो.

६ ऑक्टोबर
मॅडमना मुदतवाढीसाठी दोन पानी पत्र. सोबत सत्काराचे नऊ फोटो. कागदच हवा असेल तर सोय म्हणून गेणभाऊंना भेट दिलेला लॅमिनेट कागद तासभर मागून आणून त्याचा स्कॅनही जोडला. जयाने तीनशे डीपीआयवर करून दिला. अगदी तंतू दिसतात.

१५ ऑक्टोबर
मुदत संपली. त्यांच्याकडून सौजन्यपूर्ण शांतता.

२४ ऑक्टोबर
दिवाळी झाली. दिलावर भाऊबीज होईपर्यंत थांबला. आज फोन करून म्हणाला, दादाभाऊ, तुमचा शब्द मी पाळला. म्हटलं, मोठेपणा आहे तुझा. तो म्हणाला, मोठेपणा न्हाई वं, शिमिट आलंय.

३ नोव्हेंबर
बुशरा आजपासून चाकणला. पहाटे फिरायला गेलो होतो, तर स्टँडवर उभी होती. डबा, पाण्याची बाटली, गळ्यात कंपनीचं कार्ड, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. मी म्हटलं, अनुभव मिळेल. ती म्हणाली, हो काका. गाडी आली.
परत आलो. पेपर वाचला. आंघोळ केली.

१० नोव्हेंबर
आज काही नाही.

११ नोव्हेंबर
आजही नाही. समितीची मासिक सभा. उपस्थित: मी. इतिवृत्त मंजूर.

१८ नोव्हेंबर
पिएत्राल्ताहून पत्र. नगरसभा झाली. दुरुस्तीचा कागद नेपाळमधल्या एका गावातून घ्यायचा ठरला. बहीण-शहराचा विषय सध्या बाजूला. शेवटी मॅडमनी वेगळं लिहिलं आहे की आपांच्या हौदातला लगदा त्यांच्या अजून लक्षात आहे, एवढा लांब धागा त्यांनी फार थोड्या ठिकाणी पाहिला. आपांना नमस्कार सांगा.
विश्लेषण: नेपाळ शेजारीच आहे. आशियाला मिळालं. मार्ग आपण दाखवला.
लंका म्हणाली, नमस्कार सांगितला का? म्हटलं, सांगतो.

२४ नोव्हेंबर
आपांच्या मागच्या अंगणात स्लॅब पडला. दिलावरने नारळ फोडायला मला बोलावलं. म्हणाला, तुमी अध्यक्ष, तुमचा हात चांगला. फोडला. हौदात आधी माती, मग मुरूम, मग काँक्रीट. साडेअकराला सुरू झालं, सव्वादोनला सपाट. गवताची जाळी कुठे गेली ते विचारायचं राहिलं.
माझं छोटं भाषण झालं. उद्योग आणि परंपरा. सहा जण होते. मधेच काँक्रीटचा मिक्सर चालू केला त्यामुळे पुढचं ऐकू गेलं नाही, पण पूर्ण केलं.

२५ नोव्हेंबर
काल आपा दिसल्या नाहीत. नमस्कार राहिला.

३० नोव्हेंबर. दुपारी
आपांकडे गेलो. पुढच्या खोलीत बाजेवर होत्या. मागून क्रेट रचल्याचा आवाज येत होता. मॅडमचा नमस्कार सांगितला. त्यांनी मान हलवली. विचारलं, मग घेतला का कुनाचा कागद त्यांनी? म्हटलं, नेपाळचा. म्हणाल्या, बरं झालं. कुनाचा तरी चालू हाय. कसा असतो तिकडचा? मला माहीत नव्हतं. म्हटलं, चांगला असावा.
मग म्हणाल्या, माझा कसा झाला व्हता?
म्हटलं, उत्तम. सगळ्यांनी वाखाणला.
म्हणाल्या, त्यांचं जाऊ द्या, त्यांनी पिलॅस्टिक बघितलं. बुशरा तर घरचीच, तिचं सांगनं मी धरत न्हाई. तुमच्या घरी सहा दिवस मोकळा व्हता. तुमी हात लावला आसंल. खडबडीत लागला का मऊ? घोटाई बरोबर झाली व्हती का? नऊ वर्सांनी केला, डोळं बी आदू. मला एकटीला कळंना, म्हनून इचारते.
म्हटलं, दर्जेदार होता.
आपा थांबून राहिल्या. मी अजून काहीतरी सांगेन असं त्यांना वाटत असावं. मी घड्याळात पाहिलं, तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटी त्यांनी, चहा घेताय का, असं विचारलं. नको म्हटलं.
घरी येऊन रोजनिशी चाळली. धोतरात गुंडाळल्याची नोंद आहे. शिक्क्याची आहे, कटरची आहे, पाण्याच्या थेंबाची आहे. हाताला कसा लागला त्याची नाही. डोळे मिटून आठवून पाहिलं. पिवळसर होता. किंवा पांढरा.